सातबाऱ्यावर राखलेले रान

आर्णी तालुक्यातील कोणत्याही शेताचा सातबारा उतारा हाती घेतला, तर त्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि आकारणी यांच्या जोडीला 'इतर अधिकार' असा एक रकाना आढळतो. बहुतेक शेतकऱ्यांच्या लेखी हा रकाना म्हणजे सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढण्याची जागा होय, आणि तो कोरा असणे ही समाधानाची गोष्ट मानली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या रकान्याचे महत्त्व पुष्कळ मोठे आहे. जमिनीचा मालक एक असला तरी त्याच जमिनीत दुसऱ्या कोणाचा मर्यादित हक्क असू शकतो, ही गोष्ट महसुली व्यवस्थेने या रकान्याच्या रूपाने मान्य केलेली आहे. सामाईक विहिरीतील पाळी, मागच्या वावरात जाण्याची वाट, कुळाचा हक्क, गहाण अशा नोंदी तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. खाजगी मालकीचे रान, माळ आणि नाल्याकाठ राखण्यासाठी जगातील अनेक देशांनी जो मार्ग काढला, तो अशाच एका नोंदीतून जातो. त्याला 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'संवर्धन-सुविधाधिकार' हा शब्द वापरता येईल, आणि सोप्या भाषेत सांगायचे तर तो 'राखणीचा हक्क' आहे.

सुविधाधिकार ही कल्पना गावाला नवी नाही. एका जमिनीचा नीट उपभोग घेता यावा म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा, किंवा त्या दुसऱ्याला काही करू न देण्याचा जो हक्क असतो, त्याला १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात ही संज्ञा आहे. व्यवहारात लोक त्याला 'वहिवाट' म्हणतात. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने बैलबंडी नेली असेल, तर ती वाट पुढे कोणाला नांगरून टाकता येत नाही. जमीन शेजाऱ्याचीच राहते, वाटेपुरता त्याचा हात बांधला जातो. विदर्भात तर याहून व्यापक परंपरा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या गावदप्तराची तरतूद असून, शासनाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत व पाण्यात गावकऱ्यांचे वाटेचे, सिंचनाचे आणि मासेमारीचे रूढीने चालत आलेले जे हक्क असतील, ते त्यात नोंदवायचे असतात. खाजगी जमिनीतही गावाचा काही वाटा असतो, हा विचार या मातीत जुना आहे.

संवर्धन-सुविधाधिकारात हाच विचार एक पाऊल पुढे जातो. जमिनीची मालकी ही एकसंध वस्तू नसून ती अनेक हक्कांची मोळी असते, असे कायदेपंडित मानतात: पेरण्याचा हक्क, चारण्याचा हक्क, झाडे तोडण्याचा हक्क, मुरूम काढण्याचा हक्क, बांधकाम करण्याचा हक्क, भूखंड पाडण्याचा हक्क, विकण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क. या मोळीतून मालक स्वखुशीने एक-दोन काड्या काढून देतो, म्हणजे उदाहरणार्थ तोडीचा, खोदकामाचा आणि बिगरशेतीचा हक्क कायमचा सोडतो, आणि ते हक्क एखाद्या विश्वस्त संस्थेच्या किंवा सार्वजनिक निकायाच्या हाती जातात. ती संस्था ते हक्क वापरत नाही. कोणी वापरू नयेत एवढेच पाहते. उरलेली मोळी मालकाचीच राहते. तो जमीन कसतो, विकतो, मुलाबाळांना देतो, फक्त घेणारा प्रत्येक जण त्याच बंधनासह ती घेतो, कारण बंधन माणसावर नसून जमिनीवर असते. साधा करार आणि हा हक्क यांतील फरक इथेच आहे: करार करणाऱ्याने जमीन विकली की करार सहसा गळून पडतो, तर सातबाऱ्यावरची नोंद जमिनीला चिकटून राहते.

ही पद्धत अमेरिकेत वाढली. 'कॉन्झर्व्हेशन ईझमेंट' हा शब्द तेथे १९५९ मध्ये विल्यम व्हाइट यांच्या लेखनामुळे रूढ झाला आणि १९८१ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात १९८० मध्ये एलेन स्ट्राउस या दुग्धव्यावसायिक शेतकरी आणि फिलिस फेबर या जीवशास्त्रज्ञ अशा दोघी स्त्रियांनी स्थापन केलेला कृषिभूमी न्यास हे याचे नावाजलेले उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्को शहर पसरत चालले होते आणि भूखंडाचा भाव दुधाच्या उत्पन्नाला परवडेनासा झाला होता. न्यासाने शेतकऱ्यांकडून जमीन विकत घेतली नाही. तिच्यावर वसाहत उभारण्याचा हक्क तेवढा मोबदला देऊन विकत घेतला आणि तो कायमचा निजवून ठेवला. शेतकऱ्यांना त्या पैशातून कर्ज फेडता आले, गोठे सुधारता आले, भावंडांचा हिस्सा रोखीने देऊन जमीन अखंड ठेवता आली, आणि गाई त्याच कुरणात चरत राहिल्या.

हे सारे आर्णीला कशासाठी हवे, असा प्रश्न साहजिक आहे. अरुणावतीच्या काठच्या या तालुक्यावर महानगराचा दाब नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गालगतचे पट्टे सोडले, तर भूखंडांचा सुळसुळाटही तितकासा नाही. इथला प्रश्न वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी तालुक्याच्या पूर्वेकडे पाहावे लागते. घाटंजी आणि पांढरकवड्याच्या हद्दीत टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले आणि जेमतेम १४८.६३ चौरस किलोमीटरचे. दक्षिणेला उमरखेडच्या बाजूस पैनगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरातील वाघांची संख्या वाढली, परंतु अभयारण्याची हद्द वाढली नाही, आणि वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचा मुलूख शोधण्यासाठी बाहेर पडावेच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसवला. त्याच वर्षी जूनमध्ये टिपेश्वर सोडून तो तेलंगणाच्या आदिलाबादकडे गेला, परत फिरला, पैनगंगा अभयारण्यात आला आणि हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे १३०० किलोमीटरचा हा प्रवास देशभर गाजला. टिपेश्वराचाच आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आढळला.

या वाघांनी कौतुकापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट दाखवून दिली. दोन अभयारण्यांमधली वाट सरकारी जंगलातून सलग जात नाही. ती कपाशीच्या तासांतून, तुरीच्या आडोशाने, नाल्यांच्या काठाने आणि बरड जमिनीवरच्या पळसाच्या झुडपांतून जाते. म्हणजे ती शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीतून जाते. या जमिनीचे काय होते ते शेतकरी ठरवतो, आणि त्याला रान राखण्याबद्दल आजवर कोणी काही दिलेले नाही.

तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू खात्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पाच-सहा एकरांच्या वावरात बहुतेक वेळा एकाच प्रतीची जमीन नसते. मधला भाग काळा, भारी; तेथे कपाशी, सोयाबीन, तूर येते. वरच्या अंगाला बरड, म्हणजे मुरमाड, उथळ मातीची जमीन असते, आणि खालच्या अंगाला नाला. बरडावर पेरलेले सोयाबीन पावसाने पंधरा दिवस ताण दिला की माना टाकते. नाल्याकाठची पट्टी पुरात खरडून जाते, आणि जी पिके तेथे येतात त्यांवर रोही आणि रानडुकरे तुटून पडतात, म्हणून शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते. ही दोन्ही ठिकाणे नांगराखाली आणून हाती लागते ते थोडे, आणि जाते ते पुष्कळ. तेथे मुळात जे उभे असते किंवा मोकळीक मिळाल्यास पुन्हा उगवते, ते म्हणजे मोह, पळस, धावडा, बेहडा, चारोळी, तेंदू, पवन्यासारखी उंच गवते. धुऱ्यावरचा एक जुना मोह घेतला, तरी त्याच्या उपयोगांची यादी सहज संपत नाही: उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे त्याची फुले वेचली जातात, बियांचे तेल निघते, खाली गुरे रवंथ करतात, अस्वलापासून वटवाघळांपर्यंत अनेकांचे पोट त्यावर चालते, आणि त्याच्या मुळांनी धरलेली माती पावसात सहजी हलत नाही. राखणीचा हक्क संपूर्ण शेतावर द्यायचा नसून वावराच्या याच कडांवर द्यायचा असतो, हे ध्यानात घेतले की ही कल्पना परकी वाटत नाही.

परंतु या कडा उभ्या ठेवण्याची भीती शेतकऱ्याला वाटते, आणि ती निराधार नाही. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. पुढे कलम २२-अ अन्वये लहान धारकांना बारा हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मिळण्याची सोय झाली, तरी ज्यांच्या सातबाऱ्यावर 'वन' असा शेरा एकदा आला, त्यांना तो पुसून घेण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. नोटीस बजावलीच नसताना केवळ जुन्या राजपत्राच्या आधारे जमीन खाजगी वन ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज प्रकरणात स्पष्ट केले ते जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार दशकांनंतर. दरम्यान १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू होतो, असे ठरले. वनांच्या दृष्टीने हा आदेश उपकारक ठरला, यात शंका नाही. पण खेड्यापर्यंत त्याचा जो अर्थ झिरपला तो एवढाच, की शेतात झाडे दाट झाली तर शेत हातचे जाईल.

तोडीचे कायदेही याच भीतीत भर घालतात. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाने साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, हिरडा अशा अनुसूचित झाडांच्या तोडीला परवानगी आवश्यक केली, आणि आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. हेतू चांगला होता; कवडीमोल भावाने साग उचलणाऱ्या ठेकेदारांपासून आदिवासी शेतकऱ्यांना वाचवायचे होते. परिणाम असा झाला, की यवतमाळ जिल्ह्यात 'मालकी' या साध्या शब्दाला खाजगी शेतातील सागतोडीचे प्रकरण असाच अर्थ चिकटला. पंचनामा, मोजणी, हातोड्याची खूण, वाहतूक परवाना हे सारे सोपस्कार झाड तोडण्यासाठी आहेत. झाड न तोडण्यासाठी मात्र एकही अर्ज, एकही योजना, एकही रुपया नाही. एका टोकाला शासनाचे संपादन आणि दुसऱ्या टोकाला ठेकेदाराची करवत, यांच्या मधला मार्गच शेतकऱ्यापुढे ठेवला गेलेला नाही, आणि या जिल्ह्याच्या रानाची जी हानी झाली तिचे मोठे कारण या पोकळीत आहे. राखणीचा हक्क ही पोकळी भरू शकतो, कारण त्यात मालकी जात नाही, स्वखुशी असते आणि मोबदला असतो.

मालकाच्या दृष्टीने याचा पहिला लाभ रोख रकमेचा आहे, आणि या बाबतीत अमेरिकेचे अनुकरण करून चालणार नाही. तेथे हक्क दान करणाऱ्याला आयकरात मोठी सवलत मिळते; ती पद्धतीची प्रेरक शक्ती ठरली. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आर्णीच्या कापूस-उत्पादकाला करसवलतीचा उपयोग शून्य. शिवाय करसवलतीने तेथे अपप्रकारही शिरले: गुंतवणूकदारांचे गट जमीन घेत, फुगवलेले मूल्यांकन दाखवून प्रत्यक्ष गुंतवणुकीच्या कितीतरी पट वजावट लाटत, आणि अखेर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेला कायदा करून त्याला आळा घालावा लागला. इथे मोबदला दरसाल आणि थेट खात्यात मिळणे हेच योग्य. त्याचे मोजमापही गावात तयार आहे. बरड जमीन मक्त्याने दिली तर वर्षाला काय मिळते, हे प्रत्येक गावात ठाऊक असते. राखणीचा दर त्या मक्त्यापेक्षा कमी नसावा, एवढा साधा नियम पुरेसा आहे. ज्या पट्टीत बियाणे, खत आणि मजुरी घालूनही हाती अनिश्चित उत्पन्न येते, तेथे ठरलेली रक्कम येणे, ही कर्जाच्या चक्रात अडकलेल्या कुटुंबासाठी लहान गोष्ट नव्हे. मार्च २०१४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात नरेंद्र मोदी यांनी 'चाय पे चर्चा' या कार्यक्रमात कापूस-उत्पादकांशी बोलण्यासाठी याच तालुक्यातील दाभडी हे गाव निवडले होते; इथल्या शेतकऱ्याची विवंचना देशाला तेव्हापासून परिचित आहे.

दुसरा लाभ वाटणीशी निगडित आहे. बापाच्या पश्चात भावाभावांत आणि आता कायद्याने समान हक्क असलेल्या बहिणींत जमीन वाटली जाते, तेव्हा रानाच्या कडेचे तुकडे पडतात आणि ज्याच्या वाट्याला जे झाड येते ते तो विकून मोकळा होतो. नोंदवलेला हक्क वाटणीनंतरही त्या पट्टीवर कायम राहतो आणि त्याचा मोबदला हिस्सेरशीने मिळत जातो. अर्थात यासाठी पहिल्याच वेळी सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, त्यांत घरातील स्त्रियांच्याही, आणि जमीन गहाण असल्यास बँकेची संमती हवी. पीककर्जाची मर्यादा मुख्यतः पिकावरून आणि क्षेत्रावरून ठरते, त्यामुळे लागवडीखालच्या भागावर याचा भार पडण्याचे कारण नाही. परंतु गहाणखताच्या मूल्यांकनात ही नोंद मोजली जाईल, हे शेतकऱ्याला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

गावाचा लाभ पाण्यातून सुरू होतो. वरच्या बरडावर गवत आणि झुडपे टिकली, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खालच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो आणि नाल्यांतून धरणांत जाणारा गाळ कमी होतो. तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्यासाठी महाराष्ट्र शासन योजना राबवते, पैसा खर्च करते. तोच गाळ मुळात वरून खाली येऊ नये म्हणून बरड राखणाऱ्याला त्यातला काही भाग देणे अधिक शहाणपणाचे आहे. त्यापुढे चारा, मोहफुले, सरपण, कपाशी-तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचा आसरा, आणि वाघ-बिबट्यांना गावाला वळसा घालून जाण्यासाठी आडोशाची वाट. भूमिहीन कुटुंबांचे या पट्ट्यांशी असलेले नाते विशेष जपावे लागेल. कोलाम, गोंड, बंजारा वस्त्यांतील स्त्रिया याच कडांवरून फुले, पाने आणि काटक्या गोळा करतात. 'संवर्धन' असा फलक लावून त्यांना मज्जाव केला, तर मालकाला मोबदला आणि गरिबाला कुंपण अशी विपरीत स्थिती होईल. म्हणून हक्काच्या दस्तातच वेचणीची आणि मर्यादित चराईची मुभा लिहिली गेली पाहिजे.

एक अडचण मोकळेपणाने मांडणे आवश्यक आहे. एका शेतकऱ्याने नाल्याकाठची पट्टी राखली आणि तेथे रानडुकरांनी ठाण मांडले, तर मोबदला त्याला मिळतो आणि पीक शेजाऱ्याचे जाते. एकट्या-दुकट्याच्या दस्तांनी हा प्रश्न वाढेल. यावर उपाय म्हणजे लगतच्या गटनंबरांनी एकत्र येणे, आणि विदर्भात तसा प्रयत्न झालेला आहे. नागपूर जिल्ह्यात, २०१२ मध्ये घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला, गोठणगाव येथे वन्यप्राण्यांच्या त्रासाने शेती नकोशी झालेल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून त्या मोबदल्याच्या बोलीवर पुन्हा रानासाठी मोकळ्या केल्या. माजी मानद वन्यजीव रक्षक रोहित कारू आणि मुंबईची सँक्चुअरी नेचर फाउंडेशन यांनी हा उपक्रम पुढे नेला. जमीन शेतकऱ्यांच्याच नावावर राहिली, हे त्यातले मर्म.

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण कोकणातले आहे. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या नेतृत्वाखाली रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर भागातील खाजगी वनमालकांशी ठरावीक मुदतीचे संवर्धन-करार करत आली आहे. तेथील डोंगरउतारांवरचे जंगल मुख्यतः खाजगी मालकीचे असून दर काही वर्षांनी ते लाकडासाठी तोडले जाते. तोड थांबवण्याच्या बदल्यात मोबदला, आणि त्याबरोबर उभ्या झाडाचे मोल वाढवणारी बाजारपेठ, अशी दुहेरी मांडणी संस्थेने केली. धनेश पक्षी ज्यांच्या ढोलीत घरटे करतात त्या जुन्या बेहड्यांची फळे 'फेअरवाइल्ड' या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासह ब्रिटनमधील औषधी चहा बनवणाऱ्या उद्योगापर्यंत पोहोचली, आणि सरपण म्हणून जाणारे झाड दरवर्षी उत्पन्न देणारे झाले. बेहडा यवतमाळच्या रानातही आहे. संगमेश्वरचा अनुभव आर्णीला जसाच्या तसा लागू होणार नाही, तरी उभ्या झाडाला भाव मिळाला की करवत थांबते, हे त्याने दाखवले आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत धाडसी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी परिचित गोष्ट अशी, की २०१३ मध्ये या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाचा आधार घेऊन आपल्या खाजगी शेतजमिनींची मालकीही ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय केला. ग्रामदानात कसण्याचा आणि वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहतो. मालकी गावाकडे जाते आणि गावाबाहेर विकण्याचा हक्क सुटतो. विनोबांच्या भूदान चळवळीतून आलेल्या या कायद्याने हक्कांची मोळी सोडून एक काडी समाजाच्या हाती देण्याची युक्ती अमेरिकेच्या नमुना कायद्याच्या सतरा वर्षे आधी महाराष्ट्राच्या विधिपुस्तकात आणून ठेवली होती. तिचा उपयोग रानासाठी करून घेण्याचे कोणाला सुचले नाही, एवढेच.

मग आजच्या कायद्यात हा हक्क नोंदवता येतो का? सरळ मार्गाने नाही, आणि कारण तांत्रिक असले तरी समजून घेण्याजोगे आहे. १८८२ च्या अधिनियमानुसार सुविधाधिकाराला दोन जमिनी लागतात: एक जिच्यावर भार पडतो ती आणि दुसरी जिला लाभ होतो ती. पुण्यात किंवा यवतमाळात कार्यालय असलेल्या संस्थेची आर्णीच्या त्या शेताला लागून जमीन नसते, त्यामुळे तिच्या नावे सुविधाधिकार निर्माण होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४० देखील वापरावरील निर्बंधाचा लाभ स्वतःची स्थावर मालमत्ता असणाऱ्यालाच देते. नेमकी हीच अडचण इतर देशांतही होती. चिलीने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून, शेजारच्या जमिनीची अट न ठेवता, संवर्धनाचा हक्क हा जमिनीतील स्वतंत्र हक्क म्हणून नोंदवण्याची सोय केली. केनियाने १९९९ च्या पर्यावरण कायद्यात अशीच तरतूद केली.

भारतात त्याच्या जवळ जाणारी तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. कलम ३६-क खाली, जेथे एखाद्या समाजाने किंवा व्यक्तीने स्वेच्छेने वन्यजीवांचे रक्षण करायचे ठरवले आहे, अशी खाजगी किंवा सामूहिक जमीन 'समुदाय राखीव क्षेत्र' म्हणून घोषित करता येते, आणि त्यानंतर तेथील जमिनीचा वापर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय बदलता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने खाजगी जमिनीवरील अशा क्षेत्राच्या समितीत जमीनमालकाला स्थान मिळाले, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र आजवर घोषित झालेली बहुसंख्य क्षेत्रे मेघालय आणि नागालँडमध्ये, म्हणजे जेथे जमीन मुळातच समाजाची आहे तेथे, आहेत. यवतमाळचा शेतकरी तिकडे वळत नाही, याचे कारण उघड आहे: मोबदल्याची हमी नाही, आणि 'राखीव' हा शब्द ऐकला की १९७५ आठवते.

म्हणून महाराष्ट्राने स्वतःचा छोटा कायदा करणे हाच नीट मार्ग दिसतो. त्यात हक्क कोणाच्या नावे राहील, हा कळीचा मुद्दा आहे. वन विभागाच्या नावे तो राहिला, तर शेतकरी विश्वास ठेवणार नाही. बाहेरच्या संस्थेच्या एकटीच्या नावे राहिला, तर संस्था बंद पडली की राखण संपेल. ग्रामसभा आणि जिल्हा पातळीवरचा सार्वजनिक न्यास यांच्या संयुक्त नावे तो असावा, दरवर्षी पाहणी व्हावी, आणि अटी उतारा वाचणाऱ्या कोणालाही समजतील इतक्या थोडक्या असाव्यात. कायमचा हक्क देण्यास जो तयार नाही त्याला सुरुवातीला दहा किंवा पंधरा वर्षांची मुदत द्यावी. कायमपणाचा आग्रह तत्त्वतः बरोबर असला तरी, ज्या शेतकऱ्याच्या कुटुंबाने सातबाऱ्यावरच्या एका शेऱ्यापायी अनेक वर्षे कचेरीची पायरी झिजवली, त्याच्याकडून पहिल्याच दिवशी पुढच्या सर्व पिढ्यांची सही मागणे अन्यायाचे होईल.

मोबदला कधी द्यायचा, यालाही महत्त्व आहे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला कितेंगेला येथे २००० साली मसाई पशुपालकांसाठी एक योजना सुरू झाली. कुंपण न घालणे, जमीन न नांगरणे आणि वन्यप्राण्यांना वाट मोकळी ठेवणे या अटींवर कुटुंबांना एकरी वर्षाला चार डॉलर मिळत, आणि ती रक्कम वर्षातून तीनदा, शाळेची फी भरण्याच्या सुमारास, दिली जाई. त्यामुळे रान राखल्याचा पैसा मुलांच्या शिक्षणाला लागतो, हे घरातल्या बाईला दिसत असे. आर्णीचे वर्ष वेगळे चालते. सालगड्याचा हिशेब गुढीपाडव्याला मिटतो, मृगाच्या आधी बियाण्याची पिशवी आणि खताचे पोते घ्यावे लागते, पोळ्याच्या सुमारास फवारणी आणि निंदणीची मजुरी अंगावर येते, आणि पहिली वेचणी घरी येईपर्यंत हात रिकामा असतो. सावकाराकडे जाण्याची वेळ येते ती याच दिवसांत, म्हणून नाल्याकाठच्या त्या पट्टीचा पहिला हप्ता मेच्या अखेरीस आणि दुसरा पोळ्याच्या आधी खात्यात जमा झाला पाहिजे.